नसलेल्या पायाचा हेवा

तिच्या नसलेल्या पायाचा मला हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. उगाच आडपडदा कशाला. गुडघ्याखाली तिला डावा पाय नव्हता आणि मला दोन्ही होते, तरी जळायचे मी. ती हॉलच्या दारात दिसली की सकाळी प्यालेला चहा घशाशी यायचा.

माझं म्हणाल तर चालायला शिकायच्या वयातच पोलिओ झाला. उजवा पाय तेव्हापासून नावापुरता. उजव्या हातानं मांडी दाबायची, पाय ताठ करायचा आणि मग डावा पुढं टाकायचा, असं माझं चालणं. मंगळवार पेठेत भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं पिको-फॉलचं दुकान आहे. मशीन मोटरवर चालतं, त्यामुळं एका पायात काम भागतं. लग्न केलं नाही. जी स्थळं आली ती बघून वाटलं, त्यापेक्षा मशीन बरं. ते निदान तेल घातलं की गप्प बसतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला तालीम आहे. आत आता कुस्ती होत नाही. आखाडा बुजवून फरशी घातली आणि त्याचा हॉल केला. तिथं साखरपुडे होतात, रक्तदान होतं, आणि रोज सकाळी आमचा वर्ग भरायचा, खुर्चीवरच्या योगासनांचा. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही, अशा सगळ्यांचा. कुणाला अर्धांगवायू, कुणाचे गुडघे गेलेले, दोघं चाकाच्या खुर्चीतले, एकाचा हात लहानपणीच कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलेला. मारुतीच्या फोटोखाली आम्ही असे ओळीनं बसलेलो. मारुतीलाही वाटत असेल, काय हे पैलवान आले माझ्या नशिबाला!

शिकवायला सर होते. हायस्कूलमधनं निवृत्त झालेले पी.टी.चे सर. त्यांच्या बायकोला संधिवात होता. तिला खुर्चीत बसवून आसनं करायला लावता लावता त्यांना हे जमत गेलं. बायको गेली, आणि सरांनी तालमीच्या मंडळाकडनं लग्नातल्या लोखंडी खुर्च्या मागून घेऊन वर्ग काढला. ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याचं आसन पूर्ण, असं ते म्हणायचे. कुणी अर्धाच हात वर केला तरी, ‘झालं, छान, आता श्वास सोडा.’

या वर्गात मी पहिल्या दिवसापासनं. पाय उचलायला पट्टा लागतो. तळव्याखालनं पट्टा घालायचा, दोन्ही टोकं हातात धरायची आणि पाय हातानं वर ओढायचा. बाजारातले पट्टे आखूड पडायचे. मग मी खाटेची नवार आणली, दुहेरी शिवली, बकल लावलं आणि प्रत्येकाच्या मापाचा पट्टा करून दिला. माझा स्वतःचा पाय त्या पट्ट्यानं पहिल्यांदा समोर उचलून धरला तेव्हा मी बघतच राहिले. या पायाचा तळवा इतक्या जवळनं मी कधी बघितला नव्हता. लहान पोराच्या तळव्यासारखा मऊ होता. कधी झिजलाच नाही ना बिचारा.

हळूहळू सर म्हणायला लागले, ‘ताईंकडं बघा आणि तसं करा.’ माझ्याकडं बघा! अहो, उभ्या जन्मात लोकांनी माझ्याकडं बघितलं ते चोरून, नाहीतर च्च-च्च करत. इथं मात्र मी कशी वाकते, श्वास कसा धरते हे लोक टक लावून बघत होते. भाऊ घरी चिडवायचा, ‘वासरांत लंगडी गाय शहाणी.’ मी म्हणायचे, ‘असू दे की. शहाणी तर म्हणालास.’

आणि अशात ती आली.

वयानं तिशीच्या आतबाहेर. माहेर आमच्याच पेठेत, सासर वारणानगरला. तिथल्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका होती. गळिताच्या हंगामात रात्री गाडीवरनं येताना पुढं उसाची ट्रॉली उभी होती, मागं दिवा ना काही. नवऱ्याला खरचटलं, हिचा पाय गेला. माहेरी राहून उपचार चाललेले, नवा पाय बसवलेला. नवरा रोज सकाळी गाडीवर घेऊन यायचा आणि वर्ग संपेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसून राहायचा. हातात तिची पाण्याची बाटली धरून. मला तर त्या बाटलीचाही राग यायचा.

पहिल्याच दिवशी ती खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. झालं! अख्खा वर्ग तिच्याभोवती. चाकाच्या खुर्च्यासुद्धा वळल्या. आमच्यात एक आबा होते, गंगावेशीतले, जन्मभर म्हशी सांभाळलेले, अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेली. ते उजव्या हातानं पटक्याच्या टोकानं डोळे पुसत म्हणाले, ‘एवढी गुणाची पोर, काय वंगाळ झालं बघा.’ मी माझ्या जागेवरच बसले. मनात म्हटलं, आबा, इतकी वर्षं शेजारी बसता, माझ्यासाठी कधी पटक्याचं टोक निघालं नाही ते!

पण खरंच तसं आहे. माझं कुणाला काही वाटत नाही. मी जन्माचीच अशी, म्हणजे लोकांच्या लेखी तशी. रस्त्यावरचा खांब वाकडा असला की लोक म्हणतात, तो वाकडाच आहे. सरळ खांब वाकला की बघायला गर्दी होते. तिला सगळे म्हणायचे, ‘काय हिंमत बाई!’ हिंमत? पावसात घोट्याएवढ्या चिखलातनं मांडी दाबत मी शाळेत गेले, तेव्हा हा शब्द कुठं होता? मला पोरं मागनं लंगडी म्हणायची, आणि मास्तर त्या पोरांना हसून दटावायचे.

तिला मी पट्टा शिवून दिला. द्यावाच लागला, सरांनी सांगितलं. सगळ्यांच्या पट्ट्यापेक्षा चांगला शिवला, कारण माझ्या हातचं वाईट काम तिच्या पायात मला दिसू द्यायचं नव्हतं. ती म्हणाली, ‘मावशी, किती मऊ शिवलाय हो!’ आणि माझ्या गळ्यात पडली. मी ताठ बसले. मला गळ्यात पडलेलं चालत नाही.

सरांची एक रीत होती. हात नसेल तरी हात वर करा म्हणायचे, मनात. ज्याचा हात कडबा मशीननं खाल्ला तो रोज मनात दोन्ही हात वर करायचा. मला ते खूळ वाटायचं. एके दिवशी सर हिला म्हणाले, ‘डोळे मिटा. डाव्या पायाची बोटं हलवा.’ तिनं नकली पाय काढून खुर्चीला टेकवून ठेवला होता. डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. आणि मग एकदम हसू फुटलं तिला, गालांवरनं पाणी गळतंय आणि ती म्हणते, ‘सर, हलली! अंगठा हलला!’

मीपण डोळे मिटले होते, कुणाच्या नकळत. म्हटलं, आपणही बघू. माझ्या उजव्या पायाला पाच बोटं आहेत, नखांना रंग लावता येतो अशी. मनात म्हटलं, हला. काही झालं नाही. हलायचं म्हणजे कसं, हेच त्या पायाला माहीत नव्हतं. तिला निदान आठवत तरी होतं. ती पळली होती, दोरीवरच्या उड्या मारल्या होत्या, पोरांना शिट्टी वाजवून पळवलं होतं. तिचा पाय गेला पण त्याच्या आठवणी तिच्याकडं राहिल्या, आणि माझा पाय इथंच असून त्याची एक आठवण नाही माझ्याकडं. त्या दिवशी दुकानात मी एका गिऱ्हाइकाच्या पैठणीला उलटा फॉल लावला आणि उसवत बसले.

मग सरांनी सांगितलं की दिवाळीनंतर ते पुण्याला मुलाकडं जाणार, कायमचे. एकटं राहू नका म्हणून मुलानं हट्ट धरलेला. वर्ग बंद करायचा नाही, आपल्यातलंच कुणीतरी पुढं चालवायचं.

मला तो वर्ग पाहिजे होता. स्पष्ट सांगते, आयुष्यात दुसरं काही मी इतकं मागितलं नव्हतं, देवाकडंसुद्धा नाही. सगळे म्हणत होतेच, टेलरबाई घेणार. मी फॉल लावता लावता पुटपुटायला लागले, ‘श्वास घ्या, हात वर, खांदे सैल.’ गिऱ्हाइकं दचकायची. वहिनी म्हणाली, ‘वन्सं, डोक्यावर परिणाम झालाय काय?’

आणि सरांना सर्दी झाली. दोन-तीन दिवस आवाजच फुटेना. मी सावरून बसले, म्हटलं आता मला म्हणतील. तर सर तिच्याकडं वळले आणि खुणेनंच सांगितलं, तू घे. मागनं आली आणि तिखट झाली! ती उभी राहिली, एका हातानं खुर्चीची पाठ धरून. आवाज असा खणखणीत की बाहेर कट्ट्यावर नवऱ्यानं मान वळवली. ‘एक, श्वास. दोन, वर. आबा, झोपू नका!’ आबा खूश. सगळे खूश. चाकाच्या खुर्चीतला एक जण तर म्हणाला, ‘नाद खुळा!’ मी हात वर केले, खाली केले. अंगाचा तिळपापड झाला होता, पण आसन चुकवलं नाही. तिला तेवढंही समाधान द्यायचं नव्हतं.

त्यानंतर टेलरबाईचं नाव कुणी काढेना.

सरांना निरोप द्यायचा आणि वर्गाचाही सत्कार करायचा म्हणून तालमीच्या मंडळानं कार्यक्रम ठरवला. आमच्याकडं कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की फेटा पाहिजे, हलगी पाहिजे, स्पीकर पाहिजे आणि मुख्य म्हणजे स्टेज पाहिजे. पोरांनी दोन दिवस राबून गल्लीत स्टेज बांधलं. कमरेच्या वर उंच, झालर लावलेलं, आणि चढायला लोखंडी पायऱ्या, कठडा न लावलेल्या. मागं बॅनर, ‘दिव्यांग योगवर्गाचा भव्य सत्कार.’ आम्हा सगळ्यांना बोलावून स्टेजखाली खुर्च्यांवर बसवलं आणि मग अध्यक्षांच्या ध्यानात आलं, सत्कार ज्यांचा, त्यातला एकही माणूस वर चढू शकत नाही! ते डोक्याला हात लावून म्हणाले, ‘आयला, ह्ये राहिलंच की!’ बरं, मनात काही वाईट नाही. प्रेमानं केलेला घोळ तो.

एकही नाही म्हटलं, पण एक होती. ती म्हणाली, ‘मी चढते.’ नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी चढली. आधी चांगला पाय, मग नकली. हलगीवाल्याला काय अंगात आलं कोण जाणे, पायरीपायरीला त्यानं असा कडकडाट केला की गल्लीतल्या गॅलऱ्या भरल्या. वर तिला फेटा बांधला, गुलाबी. शिट्ट्या काय, टाळ्या काय. खाली माझी मान वर करून करून अवघडली.

मग मंडळाची चौघं पोरं माझ्याकडं आली. ‘मावशी, तुम्ही सगळ्यांत जुन्या. चला, खुर्चीसकट उचलतो.’

‘हात लावशील तर बघ! मी काय गणपती हाय व्हय?’

पोरं हसत मागं सरली. सर जवळच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माईक हातात घेतला आणि स्टेजवर न जाता सगळ्यांत खालच्या पायरीवर बसले. अध्यक्ष वरनं हाका मारतायत, ‘सर, वर या, फेटा बांधायचाय!’ सर म्हणाले, ‘माझा वर्ग खाली बसलाय. फेटाच खाली आणा.’ मग फेटा खाली आला.

ते फार बोलले नाहीत. बायकोची आठवण काढली, लोखंडी खुर्च्यांबद्दल मंडळाचे आभार मानले. शेवटी म्हणाले, ‘उद्यापासनं वर्ग ताई घेतील.’ आणि माझ्याकडं हात केला.

आबांनी त्यांच्या बऱ्या हातानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पुढं झुकले. आणि तरी मी पहिली नजर टाकली ती वर. मला तिचा चेहरा पडलेला बघायचा होता, खोटं कशाला बोलू. ती टाळ्या वाजवत होती. डोक्यावरचा फेटा कलला तरी वाजवतच होती. तिचा चेहरा पडला नव्हता, आणि माझ्या आनंदात तिथंच मिठाचा खडा पडला.

कार्यक्रम संपला. मसाला दूध वाटत होते. ती खाली आली, माझ्या शेजारी बसली आणि नकली पाय काढून गुडघ्याखालचा घाम पुसायला लागली. म्हणाली, ‘बरं झालं मावशी, तुम्ही घेतलात. माझी काळजी मिटली.’

‘तुझी कसली काळजी?’

‘सरांनी गेल्या आठवड्यात मला विचारलं होतं, वर्ग घेतेस का म्हणून. मी नको म्हटलं. शाळेनं परत बोलवलंय. सोमवारी हजर व्हायचंय. सर म्हणाले, मग ताई आहेतच.’

मी दुधाचा कप खाली ठेवला. मग ताई आहेतच! म्हणजे मी उरलेली.

‘आणि खरं सांगू का मावशी,’ ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, माझ्या उजव्या, मऊ गुडघ्यावर, ‘मला हे सगळं विसरायचंय. इथं आले, बरं वाटलं, पण मी काय इथली आहे का? मला कायमचं नाही राहायचं इथं.’ एवढं म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं. जीभ चावली. ‘तसं नव्हतं म्हणायचं मला.’

‘कळलं,’ मी म्हटलं. ‘दूध पी. साय धरायला लागली.’

सरांना मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काहीतरी गोड सांगितलं असतं आणि मला ते खरं मानून बसावं लागलं असतं.

पाय परत चढवून ती निघाली. नवऱ्यानं गाडी चालू केली तर त्याला म्हणाली, ‘तू हो पुढं. मी कोपऱ्यापर्यंत चालत येते.’ तो हळूहळू पुढं गेला. ती गल्लीतनं चालत गेली, साडीच्या निऱ्यांखाली दोन्ही चपला सारख्या पडत होत्या, डोक्यावर तो गुलाबी फेटा. बाजूला पेरू घेऊन एक बाई बसली होती. तिनं वर बघितलं ते फेट्याकडं. पायाकडं बघितलंच नाही. कोपऱ्यावर ती वळली आणि दिसेनाशी झाली. मी तिथंच, मांडीवर हात दाबून उभी. सुंठीवाचून खोकला गेला होता, वर्ग माझा झाला होता, आणि पोटात असं पेटलं होतं की इतके महिने जळले ते काहीच नव्हतं. तिच्या फेट्याचा नाही, टाळ्यांचा नाही, नवऱ्याचाही नाही. ती इथनं जाऊ शकत होती, त्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खुर्चीत बसले. समोर सगळे आपापल्या जागी. तिची खुर्ची रिकामी होती, ती कुणी उचलली नव्हती. रात्रभर घोकलेलं पहिलं वाक्य मी बोलणार, एवढ्यात आबा म्हणाले, ‘ती फेटेवाली पोरगी आली न्हाय ती?’

‘न्हाय येणार आबा. बरी झाली ती.’

आबा विचारात पडले. मग तोंडाच्या एका बाजूनं हसले. ‘बरं होऊन जात्यात व्हय हितनं? मला वाटलं हितं नुसतं येत्यात!’

सगळा हॉल हसला. कडब्यावाला तर खुर्चीवर हात आपटून हसला. मला हसू येईना. गळ्याशी हुंदका आला होता. पहिल्याच दिवशी या लोकांपुढं मी रडणार? त्या पोरीसारखी? मुळीच नाही. मी डोळे मिटले, खोल श्वास ओढला, पार पोटापर्यंत, आणि तसाच आत दाबून धरला. हुंदका खाली जाईपर्यंत धरला.

मग डोळे उघडले. अख्खा वर्ग पाठ ताठ करून, छाती फुगवून, श्वास कोंडून माझ्याकडं बघत होता. आबांचा चेहरा लाल व्हायला लागला होता. मी सांगितल्याशिवाय कुणी सोडणार नव्हतं.